तुरा आलेल्या उसाचा हंगाम

काल गच्चीवर वाळत घातलेल्या साडीवर काळ्या राखेचे लांबट तुकडे येऊन पडले होते. झटकायला गेलं की त्यांचा चुरा होतो आणि कापडावर रेघ ओढली जाते, हे इतक्या वर्षांनी तरी मला कळायला हवं होतं. नदीपलीकडे कुणीतरी पाचट पेटवलं होतं. म्हणजे तोडी सुरू झाल्या. आता चार-पाच महिने शिरोलीच्या नाक्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्ता अडवून उभे राहणार. शाळेत उशिरा येणाऱ्या मुलींना एक नवं कारण मिळणार. आणि संध्याकाळी वारं फिरलं की गुऱ्हाळाच्या काहिलीत उकळणाऱ्या रसाचा वास थेट स्वयंपाकघरात येणार.

पुण्याचे पाहुणे आले की खिडकीशी उभे राहून तो वास नाकात भरून घेतात. "काय नशीबवान आहात!" म्हणतात. मीही हसते. मलाही तो वास आवडायचा. एका हंगामानंतर आवडेनासा झाला, आणि अजूनही, रस उकळायला लागला की माझा एक हात नकळत खिडकीच्या कडीकडे जातो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी तिशी नुकतीच ओलांडलेली. मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते. शनिवारची सकाळची शाळा सुटली की डबा खाऊन मी शाहूपुरीतल्या एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर जायचे. तिथे दोन खोल्यांत बायकांसाठी एक मदत केंद्र होतं. ते गिरिजाक्का चालवायच्या. आक्का निवृत्त नर्स. माहेर गडहिंग्लजच्याही पलीकडचं, लिंगायत घर. घरात कानडी, दारात मराठी. लहानथोर सगळ्या बायकांना त्या 'यव्वा' म्हणायच्या, आणि तेवढ्या एका हाकेनं आलेली बाई निम्मी सैल व्हायची.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं होतं, आता काहीतरी शिकवतील, पुस्तकं देतील. आक्कांनी समोरच्या माठाकडे बोट केलं. "पाणी भरून ठेव. आलेल्या बाईला आधी पाणी द्यायचं. रडू नको म्हणायचं नाही. विचारल्याशिवाय अंगाला हात लावायचा नाही. आणि मी तुझ्या जागी असते तर, असं तर कधीच म्हणायचं नाही. तू तिच्या जागी नाहीस."

तिचं नाव सुमन नव्हतं. पण इथे सुमन म्हणू. गावाचं नावही नको. कोडोलीच्या पुढे, पन्हाळ्याच्या अंगाला, एवढं पुरे. वय चोवीस-पंचवीस. नवऱ्यानं टाकल्यावर माहेरी आलेली, आणि शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत, ओतकामाचे वाळूचे गाभे बनवणाऱ्या कोअर शॉपला कामाला. वाळूत तेल कालवायचं, साच्यात ठासून भरायचं, भाजायला द्यायचं. बोटांची कातडी घासून गुळगुळीत झालेली, आणि साबणानं कितीही धुतलं तरी हाताला तेलाचा वास. एका पावसाळ्यात परतीची तिची एस.टी. चुकली. फाट्यावर गावातल्याच एका माणसाची जीप थांबली. बड्या घरचा, चाळिशीचा, बायको-पोरं असलेला. लहानपणापासून ती त्याला दादा म्हणायची. 'बस, घराकडंच चाललोय' म्हणाला. ती बसली. दिवस मावळायच्या सुमाराला तिचे वडील शोधत निघाले, तेव्हा ती ओढ्याच्या काठाला पाण्यात पाय सोडून बसलेली सापडली.

बाकीचं तिचं आहे. ते मी सांगणार नाही.

वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, दोन दिवस घरात विचार केला आणि तिसऱ्या दिवशी तिला घेऊन चौकीत गेले. गावात आजवर अशी फिर्याद कुणी दिली नव्हती. तो माणूस थोडे दिवस आत राहिला आणि जामिनावर सुटून गावात आला. आल्यावर देवळात नारळ फोडला म्हणे. वर्ष उलटलं. पुढच्या दिवाळीनंतर खटला साक्षीला लागला, तेव्हा दवाखान्यातल्या एका नर्सनं सुमनला आक्कांचा पत्ता दिला.

ती आली तेव्हा दाराशी बोर्ड वाचत बराच वेळ उभी राहिली. मग आत येऊन मला विचारलं, "बाई, तुमी काय मदत करता?"

"कोर्टाच्या तारखेला तुझ्याबरोबर येऊ आम्ही," मी म्हणाले.

"येऊन?"

"तुझ्याशेजारी बसू."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. चेष्टा करते आहे की काय, असं. मग तांब्या उचलून वरूनच पाणी प्याली आणि म्हणाली, "बसा की मग. माझ्याशेजारी कोन बसत न्हाई आता."

त्या हंगामात मी शाळेतून अर्ध्या-अर्ध्या रजा काढल्या. मुख्याध्यापिकांना 'घरचं काम' सांगायचे. कोर्टाच्या व्हरांड्यातला बाक, त्याच्या फळ्यांमधल्या फटी, भिंतीवर माणसांच्या डोक्यांचे तेलकट गोल, पट्टेवाल्यानं नाव पुकारलं की एकदम उठणाऱ्या माणसांच्या चपलांचा आवाज. सुमन भिंतीकडची बाजू घ्यायची, मी तिच्या शेजारी, माझ्या शेजारी तात्या. तात्या टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे आणि तिची घडी नीट करत राहायचे. पहिल्या तारखेला जज्जसाहेब रजेवर होते. दुसऱ्या तारखेला समोरच्या वकिलांची तब्येत बरी नव्हती. तिसऱ्या तारखेला कुठलासा कागद पोचला नव्हता. दर वेळी सुमन आदल्या दिवशी न्हाऊन, धुतलेली साडी नेसून, मनातल्या मनात सगळं जुळवून यायची आणि तसंच सगळं परत घेऊन जायची.

समोरच्या झाडाखाली त्या जीपवाल्याची माणसं असायची, दहा-बारा तरी. पांढरे कपडे, मोठे आवाज. तात्यांना पाहून त्यातला एखादा म्हातारा हात वर करून "रामराम पावणं!" म्हणायचा. एकाच गावची माणसं, पण पावणं. तात्याही सवयीनं हात वर करायचे आणि मग तो हात कुठे ठेवावा ते त्यांना कळायचं नाही. जीपवाल्याची बायको डबा घेऊन यायची, प्रत्येक तारखेला. एकदा नळावर ती आणि सुमन समोरासमोर आल्या. बायको बाजूला सरली, सुमनला आधी पाणी घेऊ दिलं. मी बाकावरून हे पाहत होते, आणि त्या बाईचा मला राग येईना, याचाच मला राग येत होता.

बसमध्ये बसवून द्यायला गेले की सुमन खिडकीतून विचारायची, "पुढच्या खेपंला व्हईल न्हवं?" मी होईल म्हणायचे. कुणाच्या जोरावर म्हणायचे, कोण जाणे.

संक्रांतीच्या आसपास एका शनिवारी ती आली आणि कोर्टाचं काही न बोलता म्हणाली, "बाई, आमचा ऊस तसाच हाय."

मला आधी कळलंच नाही. शेतीतलं मला तेवढंच कळतं, जेवढं पाठ्यपुस्तकात असतं. आक्कांना कळलं. त्यांनी हातातली सुई खाली ठेवली. "तोडीची टोळी कुणाची?" त्यांनी विचारलं.

"त्येच्या भावाची. ट्रॅक्टर बी त्येंचाच."

पुढच्या रविवारी आम्ही दोघी गावात गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रानं मोकळी झाली होती. कुठे पाचट पसरलेलं, कुठे तोडलेल्या उसाच्या खोडव्याला पाणी सोडलेलं, त्यात बगळे उतरलेले. लांबवर टोळीच्या झोपड्यांतून धूर निघत होता. आणि त्या सगळ्या उघड्या शिवारात मधोमध पाऊण एकराचा एक चौकोन तेवढा उभा, डोक्याच्याही वर, गच्च. त्याला तुरे आले होते. पांढुरके, रुपेरी, वाऱ्यावर एका अंगाला झुकणारे. ऊन तिरपं झालं होतं आणि ते इतकं सुंदर दिसत होतं की माझ्या तोंडून "अगं बाई!" गेलं.

तात्या बांधावर बसले होते. म्हणाले, "दिसाया लई ग्वाड हाय, बाई. पर तुरा आला की ऊस आतनं पोकळ व्हतोय. रस आटतोय, वजन जातंय. आता दीड म्हैन्यात नुसत्या काठ्या ऱ्हातील."

टोळीच्या मुकादमाला त्यांनी चार वेळा विचारलं होतं. त्यानं 'मालक सांगतील तवा' म्हटलं. तात्यांनी मग स्वतःच कोयता घेतला, नवरा-बायकोनं दोन दिवस तोडलं, भाड्याच्या गाडीतून गुऱ्हाळावर नेलं. पहिला गुऱ्हाळवाला म्हणाला, पाळी लागलीय, आधीच्या गाड्या हाईत. दुसरा म्हणाला, काहील गळती हाय. ती उसाची गाडी तशीच परत आली. मोळ्या गोठ्याच्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या, वाळून तांबूस पडलेल्या. यात फिर्याद करण्यासारखं कुणीच काही केलं नव्हतं. कुणी धमकी दिली नव्हती. शिवीसुद्धा नाही. पाळी लागली होती, काहील गळत होती, मालक अजून सांगत नव्हते.

"निरोप आलाय का काही?" आक्कांनी विचारलं.

"आलाय की. त्येच्या भावानं देवळाजवळ गाठलं मला. म्हनले, तात्या, पोरीला सांगा, आठवत न्हाई म्हन. तेवढंच. दुसऱ्या दिशी टोळी लावतो." तात्यांनी टोपी डोक्यावर घातली. "मी म्हनलो, ऊस वाळू द्या. पोरगी खरं बोलनार."

सुमन दारात तूर सोलत बसली होती. मान वर केली नाही. तिची आई मात्र चुलीपुढून बोलली, आमच्याकडे न बघता, "खरं खाऊन ऱ्हावा सगळी."

परतताना बसमध्ये मी सारखी बोलत होते. कलेक्टरकडे अर्ज करू, कारखान्याच्या शेतकी ऑफिसात जाऊ, दुसरी टोळी आणू. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं. पुढच्या आठवड्यात मी खरंच हिंडले. लोक चांगले वागले. चहा दिला. एक जण म्हणाले, टोळ्या ज्याच्या-त्याच्या गावात गुंतलेल्या, हंगामाच्या मधेच कोण उठून येणार? दुसरे म्हणाले, बघतो. मी वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता थांबायचे आणि खिडकीबाहेरून जाणारी उसाची ट्रॉली मोजल्यासारखी बघायचे. ही नाही. हीसुद्धा नाही.

साक्षीचा दिवस फेब्रुवारीत आला. सकाळपासून ऊन कडक होतं. सुमननं त्या दिवशी कपाळाला टिकली लावली होती, एवढं मला आठवतं. अशा साक्षी दार बंद करून होतात. बाकीच्यांना बाहेर काढतात. मीही बाहेर. दार लावताना पट्टेवाला हळूच म्हणाला, "बाई, लांब थांबा." मी त्या दारावरच्या रंगाचे पोपडे बघत उभी राहिले. तात्या बाकावर. झाडाखालची माणसं त्या दिवशी मोठ्यानं बोलत नव्हती.

मला वाटलं होतं, दोन तास तरी लागतील. वीस मिनिटांत दार उघडलं. सरकारी वकील कागद आवरत बाहेर आले, माझ्यासमोर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "फितूर झाली. काही आठवत नाही म्हणते. माणूस कोण होता, तेही सांगता येत नाही म्हणते."

पाठोपाठ सुमन आली. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढलेला. तात्या उभे राहिले. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. त्यांना आधी काहीच माहीत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावरून मला दिसलं. ते पुन्हा खाली बसले.

आणि मी, जिनं सहा महिने पाण्याचा माठ भरला होता, जिला रडू नको म्हणायचं नाही हे पाठ होतं, ती मी म्हणाले, "मग इतके दिवस मी कशाला येत होते गं?"

व्हरांड्यातल्या दोन-चार माणसांनी वळून पाहिलं. सुमनच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मग ती खाली वाकली, माझ्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "चुकलं, बाई."

तिसऱ्या दिवशी तात्यांच्या रानात टोळी उतरली. एका दिवसात ऊस मोकळा झाला. तात्या त्या दिवशी रानाकडे फिरकलेसुद्धा नाहीत. नंतर कळलं की ते सकाळीच उठून जोतिबाच्या डोंगरावर गेले आणि दिवस मावळल्यावर परतले. त्या वावरात त्यांनी पुन्हा ऊस लावला नाही. भुईमूग लावला, सोयाबीन लावलं, एक वर्ष पडीक ठेवलं. कुणी विचारलं तर 'पानी पुरत न्हाई' म्हणायचे. विहिरीला पाणी भरपूर होतं.

आक्का मला काय बोलल्या ते मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नाही. त्या ओरडल्या नाहीत. भाजी निवडता निवडता विचारलं, "यव्वा, तू तिच्याशेजारी बसली होतीस की निकालाच्या?" मी पर्स उचलून जिना उतरले. पुढचे पाच शनिवार गेले नाही. घरात बसून पेपर तपासले. तिच्या जागी मी असते तर मी खरं बोलले असते, असं स्वतःला सांगून बघितलं. मग तो उभा चौकोन डोळ्यांपुढे यायचा, बांधावर बसलेला माणूस यायचा, आणि वाक्य अर्ध्यावर तुटायचं. तिनं बापाचा ऊस वाचवला की काय, हा प्रश्नच खोटा होता. ऊस तोवर पोकळ झाला होता, तिलाही ते माहीत होतं. रोज सकाळी त्या उसाकडे बघत बसणारा बाप तिला बघवत नव्हता, एवढंच. हे तिनं मला कधी सांगितलं नाही. मला ते कळायला पाच शनिवार लागले.

सहाव्या आठवड्यात मी दुपारी शिरोलीला गेले. पाळी सुटायच्या वेळी फाउंड्रीच्या गेटसमोर उभी राहिले. बायका बाहेर आल्या, डोक्याला फडकी, भुवयांत बारीक वाळू. सुमन मला पाहून थबकली. मी आदल्या रात्री वाक्यं जुळवून आले होते. मराठीची शिक्षिका. त्यातलं एकही तोंडातून निघेना. मी नुसती "सुमन, मी त्या दिवशी..." एवढं म्हणाले.

तिनं फडकं सोडून झटकलं. "बस चुकंल माझी, बाई," ती म्हणाली. दोन पावलं गेली आणि वळली. "शनवारी येतो मी. तुमी असनार न्हवं?"

पुढे काय झालं म्हणाल, तर फारसं काही नाही. तो माणूस सुटला. गावात हिंडतो, आता थकला आहे म्हणतात. आक्का गेल्या. केंद्राच्या त्या दोन खोल्यांत आता कोचिंग क्लास आहे. त्या काही वर्षांत आमच्याकडे आणखी बायका आल्या. काहींचं काही झालं, बऱ्याचजणींचं काही झालं नाही. मी त्यांच्याशेजारी बसले. तात्या आजारपणात वारले, आणि शेवटपर्यंत लेकीशी नीट बोलत राहिले, हे मात्र सुमननंच मला सांगितलं. ती अजून शिरोलीला जाते. कधी बाजारात भेटली तर माझ्या पिशवीतली भाजी बघून "ह्ये म्हाग घेतलासा" म्हणते.

पण तो शनिवार सांगायचा राहिला. मार्च संपत आला होता. कारखाने बंद पडू लागले होते, रस्त्यावर ट्रॉल्या दिसेनाशा झाल्या होत्या. सुमन आली, पाणी प्याली आणि म्हणाली, "बाई, मला येकदा समदं खरं सांगायचं हाय. तुमी लिवून घ्या."

"कुणाला द्यायचं?" मी विचारलं.

"कुनालाच न्हाई. कोर्टात जे लिवलंय ते खोटं हाय. खरं बी कुटंतरी लिवल्यालं असाया पायजे."

आक्का उठून आतल्या खोलीत गेल्या आणि दार ओढून घेतलं. मी शाळेची एक कोरी वही काढली. ती सांगत गेली. दीड-दोन तास, न थांबता, माझ्याकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे बघत. मी लिहीत गेले. हात भरून आला. अकरा पानं झाली. मग तिनं मला ती वाचून दाखवायला लावली. मी वाचत होते, ती मान हलवत होती. व्हय. व्हय. म्होरं. प्रत्येक पान वाचून झालं की ती खाली सही करायची, कोर्टात बघितली होती तशी. एक-एक अक्षर वेगळं, दाबून.

सातव्या पानावर तिनं माझा हात धरला.

"ह्ये काय लिवलाय?"

मी वाचलं, "मी फार घाबरले होते. माझ्या तोंडून शब्द फुटेना."

"असं म्या कवा म्हनलो?"

मला आठवेना. तिनं तसं म्हटलंच नसेल. सांगता सांगता ती तिथं थांबली होती, आणि ती रिकामी जागा मी माझ्या शब्दांनी भरून टाकली असेल. अशा वेळी बाई घाबरते, तिच्या तोंडून शब्द फुटत नाही, असं मला वाटत असेल.

"खोडा त्ये," सुमन म्हणाली. "म्या वरडलो. लई वरडलो. रस्त्यानं मान्सं जाईत हुती. त्येस्नी ऐकू आलं."

मी ती ओळ खोडली. वर जागा कमी होती म्हणून समासात लिहिलं, तिचाच शब्द, जसाच्या तसा, वरडलो. तिनं वही आपल्याकडे ओढली, त्या शब्दावर बोट ठेवून तो स्वतः एकदा वाचला, आणि त्याच्याशेजारी आणखी एक सही केली.